पाठमोरा मालक

नेरच्या बसस्टँडसमोर ‘मुस्कान फोम हाऊस’ आहे. त्याचा मालक अब्दुल गनी. आता मालक हे आपण म्हणतो. त्याला तसं कोणी म्हणत नव्हतं, आणि तेच त्याचं दुखणं होतं. दुकानदाराला गिऱ्हाईक काय म्हणतं? ‘ओ चाचा, ती खालची काढून दाखवा.’ नाहीतर, ‘गनीभाई, थोडं कमी करा ना.’ मालक म्हणतात ते वावराच्या धन्याला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून, कमरेवर हात ठेवून जो आपल्या कापसाच्या पऱ्हाटीकडं पाहतो, तो मालक. साठीला टेकता टेकता गनीला तसं उभं राहायचा झटका आला.

झटके काय, सगळ्यांनाच येतात. पण गनीचं नशीब असं, की तो ज्या एस.टी.त चढायचा ती हटकून डेपोत जायला निघालेली असायची. हे त्याचंच म्हणणं. दुकानाच्या ओट्यावर बसून, कोणी विचारो न विचारो, तो ते सांगायचा आणि सगळ्यात आधी स्वतःच हसायचा.

घराणं पिंजाऱ्याचं. बाप खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचा, लोकांच्या अंगणात बसून त्यांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा. गनी ते काम शिकला, हात बसला, आणि पिंजायचं मशीन आलं. त्यानं मशीन घेतलं, तर फोम आला. मग त्यानं मशीन विकून फोमचं दुकान टाकलं, आणि सांगायला हरकत नाही, असा फोम विकला की तालुक्यात कापसाची गादी औषधाला उरली नाही. त्याचं एक भाषण होतं. गिऱ्हाईक दारात आलं की सुरू व्हायचं: ‘कापूस दबते, गठुल्या पडते. दर दोन सालाले पिंजा, उन्हात टाका, उचला. फोमले काहीच नाई. टाका अन झोपा.’ बापाची धनुकली मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. तिच्याकडं पाठ करूनच तो हे भाषण द्यायचा.

दुकान चाललं. गावोगावची पोरं पुण्याला कंपनीत लागली, पत्र्याची घरं स्लॅबची झाली, स्लॅबच्या घरात दिवाण आले, आणि दिवाणावर गनीची गादी. टीव्हीवर देशाच्या प्रगतीची चर्चा लागली की गनी मान डोलवायचा. प्रगती त्याला चांगली ठाऊक होती. माणूस जमिनीवरून उठून दिवाणावर झोपायला लागला की ती झाली.

याच प्रगतीत त्यानं बोरी अरबच्या वाटेवर तीन एकर वावर घेतलं. विकणारा देवराव. त्याचा पोरगा यवतमाळला नोकरीला लागला होता, म्हातारा तिकडं राहायला चालला होता. रजिस्ट्रीच्या दिवशी देवराव सारखा हसत होता. गनीला वाटलं, बिचारा दुःखात हसतोय. म्हणून त्यानं देवरावला वरून एक चहा जास्तीचा पाजला. पुढं वर्षभरात त्याला कळलं, की माणूस सुटला की असाच हसतो.

या वावराला घरात एकच विरोधक होती, ती म्हणजे बायको, अमिनाबी. तिला स्वयंपाकघरावर स्लॅब पाहिजे होता. पावसाळ्यात पत्र्याच्या भोकाखाली पातेलं ठेवून ठेवून ती थकली होती. स्लॅब राहिला आणि वावर आलं. ती भांडली नाही. भांडण्यापेक्षा वाईट केलं. त्या दिवसापासून ती त्या जमिनीला ‘तुमचं वावर’ म्हणू लागली. ‘तुमच्या वावराले पाणी पायजे म्हणे.’ ‘तुमच्या वावरात डुकरं शिरले म्हणून फोन होता.’ घरात दोघं, भाकरीच्या टोपल्यापासून अल्लाच्या मेहेरबानीपर्यंत सगळं आपलं. वावर तेवढं तुमचं. गनीला ते दर वेळी टोचायचं.

त्यातच मुलीचं लग्न ठरलं. मुस्कान नागपुरात एका दवाखान्यात नर्स, आणि नवरामुलगा आमिर तिकडचाच. निकाह थंडीत. ज्या दिवशी तारीख ठरली, त्याच दिवशी गनीनं जाहीर करून टाकलं, की पोरीची गादी आपल्या वावरातल्या कापसाची होईल, आणि ती तो स्वतःच्या हातानं पिंजेल. पिढ्यानपिढ्या पिंजाऱ्यांनी लोकांचा कापूस पिंजला. आपला कापूस पिंजणारा पहिला पिंजारी तो.

‘‘वा,’’ अमिनाबी म्हणाली. ‘‘माझ्या लग्नातबी गादी करून देतो म्हणले होते तुम्ही. तिचा कापूस अजून उगवूनच राह्यला वाटते.’’

हा तिचा जुना टोमणा. पिंजाऱ्याच्या घरी नवरी होऊन आली, तेव्हा तिला वाटलं होतं की बाकी काही नसलं तरी या घरात गादी असणारच. होतं काय, तर पोतं, आणि त्यावर चिंध्यांची वाकळ. गनी तेव्हा म्हणाला होता, थांब, थोडा हात मोकळा होऊ दे, अशी गादी करतो तुले की नेरमधी नसल. त्यानंतर गिऱ्हाइकांच्या गाद्या सुरू झाल्या. आता ती झोपायची दुकानातून आलेल्या, कोपरा फाटलेल्या फोमच्या तुकड्यावर. टोमणा ऐकून गनी नेहमीसारखा हसला आणि कापसाकडं वळला.

कापूस, खोटं का बोला, झकास आला. नवशिक्याला पहिल्या डावात पत्ते चांगले येतात तसा. दिवाळी आटोपली आणि बोंडं फुटली, वावर पांढरंफेक झालं. आता वेचणी. इथं गनीला पहिल्यांदा कळलं, की ज्या मालकीसाठी आपण जीव टाकला तिची सद्दी केव्हाच संपली आहे. त्याच्या बापाच्या काळी मजूर मालकाच्या दारात उभा राहायचा. आता मालक मजुराच्या दारात. वेचणाऱ्या बायांची टोळी हवी तर ऑटो पाठवा, अकराला चहा द्या, पाण्याची कॅन गार ठेवा, आणि ‘येता का हो’ असं अदबीनं विचारा. वर त्या म्हणतील, ‘पाहू.’ गनीची एस.टी. पुन्हा डेपोत गेली होती.

टोळीची पुढारीण विमलताई. पोरगा चाकणला कंपनीत, घर अर्धं स्लॅबचं, हातात गनीच्यापेक्षा मोठा मोबाईल. तिच्या मनात असलं तर दहा बाया येतील, नसलं तर चिमणी येणार नाही. गनीनं तीन चकरा मारल्या तेव्हा ती आली.

पहिल्या दिवशी वेचणीआधी सीतादही असतं, हे देवरावनं त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं. अमिनाबीनं दहीभात करून दिला. ‘‘न्या, तुमच्या वावराले,’’ असं म्हणूनच, पण दिला. विमलताईनं पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीशी पाच खडे मांडले, हळदकुंकू लावलं, पऱ्हाटीवर दह्याचे शिंतोडे उडवले. गनीनं टोपी सारखी करून हात जोडले आणि मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं. मग विमलताई वळून म्हणाली, ‘‘चला मालक, लावा हात पयल्या बोंडाले.’’

मालक! गनीचे कान गरम झाले. साठ वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द आला, आणि तोही बिनमागता. त्यानं पहिलं बोंड वेचलं, धुऱ्यावर गेला, कमरेवर हात ठेवले. तिथंच तो दिवस संपला असता तर किती चांगलं झालं असतं.

पण गनी पडला पिंजारी. शेतकऱ्याला कापसात वजन दिसतं, व्यापाऱ्याला धागा दिसतो, पिंजाऱ्याला दिसतो पाला. वाळलेल्या पानाचा तो चुरा पिंजताना उडतो, नाकात जातो, घशात बसतो. गनीचा बाप जन्मभर खोकला तो त्याच पाल्यानं. बाया भराभर वेचत होत्या, बोंडाबरोबर पानाची किनार येत होती, आणि गनीच्या छातीत खोकला दाटून येत होता. पोरीच्या गादीत पाला! तो धुऱ्यावरून उतरला. आधी गाठोड्याजवळ बसून मुकाट्यानं पाला निवडू लागला. मग बायांच्या मागं मागं फिरू लागला. ‘‘बाई, पाला.’’ ‘‘ताई, तेवढा पाला झटका.’’ ‘‘हे पाहा, पुन्हा पाला.’’

दुपारपर्यंत बायांनी सहन केलं. एकमेकींकडं पाहून पदरात हसल्याही. जेवणानंतर गनीनं कमाल केली. निवडलेल्या पाल्याचा एक छोटासा ढीग कागदावर मांडून तो विमलताईला दाखवायला घेऊन गेला. शाळेतल्या मास्तरनं पोराची चूक वर्गाला दाखवावी तसा.

‘‘हे पाहा विमलताई, एवढा निघाला.’’

विमलताईनं ढीग पाहिला. गनीला पाहिलं. कमरेची ओटी सोडून तिनं सगळा कापूस गाठोड्यावर उपडा केला.

‘‘मालक,’’ ती म्हणाली, ‘‘आमी कापूस येचतो. तांदूय नाई निवडत. चला वं बायांनो.’’

आणि सगळ्या ऑटोत जाऊन बसल्या. ऑटो गनीनंच लावलेला, उकंडा नावाच्या ऑटोवाल्याचा. उकंडानं एकदा गनीकडं पाहिलं, एकदा विमलताईकडं, आणि आपल्याला उद्याही धंदा करायचा आहे हे ओळखून गाडी सुरू केली. मालक वावरात उभे, मालकाचा ऑटो धूळ उडवत चाललेला. त्या दिवशी गनी सडकेनं पायी निघाला आणि वाटेत दूधवाल्याच्या गाडीवर मागं बसून नेरला पोचला.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. दुसऱ्या टोळीला फोन केला तर पलीकडून आवाज आला, ‘‘कोन? पालावाले का?’’ आणि हसणं. तिसरीकडं गेला तर तिथंही तेच. मालक व्हायला निघालेला माणूस दोन दिवसांत पालावाला झाला. बसस्टँडवर उकंडा ऑटोवाल्यांना ती गोष्ट सांगायचा, आणि गनी दुकानातून ऐकायचा. वाईट याचं की उकंडा ती गोष्ट फार चांगली सांगायचा. गनीलाच दोनदा हसू आलं.

पण हसून कापूस वेचला जात नाही. मोबाईलवर दिसलं की ढग येतायत, आठवड्यात अवकाळी पाऊस. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो पिवळा पडतो, त्याची कवडी होते. मग ना बाजाराची ना गादीची. गनी स्वतः पहाटे उठून वेचायला गेला. एकेक बोंड, एकेक पान, निवडून, झटकून. दुपारी पाहिलं तर गाठोडं उशीएवढं झालं होतं आणि कंबर सरळ होत नव्हती. घरी येऊन फोमवर आडवा पडला. फोमले काहीच नाई, टाका अन झोपा. आपलंच भाषण त्याला आठवलं आणि आपलाच राग आला.

‘‘मुस्कानचे अब्बा,’’ अमिनाबी त्याच्या कमरेला तेल चोळत म्हणाली, ‘‘माफी मांगाले लाज वाटते का?’’

‘‘मी मालक हाओ,’’ तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

‘‘हो ना. म्हणून तं उपडे पडले.’’

संध्याकाळी तो विमलताईच्या दारात उभा राहिला. ती अंगणात खुर्ची टाकून गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. तिनं ‘बसा’ म्हटलं नाही. गनी उभाच राहिला.

‘‘विमलताई, माहं चुकलं.’’

‘‘काय चुकलं?’’

इतकं पुढचं गनीनं ठरवून आणलं नव्हतं. ‘‘पाला,’’ तो म्हणाला.

‘‘पाल्याचं नाई काही. पऱ्हाटी हाये, पाला तं राहीनच. तुमी आमच्या मांगं मांगं काहून फिरले? आमी का चोर हाओ? जलम गेला कापूस येचता येचता, आतालोक कोनी मांगं नाई फिरलं.’’

गनीला खरंच शरम वाटली. बापाला लोक असंच करायचे. अंगणात पिंजत बसला की घरातली म्हातारी समोर पाट टाकून नजर ठेवायची, पिंजारी कापूस चोरतो म्हणून. बाप त्या दिवशी फक्त जास्त खोकायचा. आणि मालक झाल्या झाल्या आपण पहिलं काय केलं, तर त्याच म्हातारीच्या पाटावर जाऊन बसलो. तो हे सगळं विमलताईला सांगून बसला. गुडघ्यावरची पिशवी बाजूला ठेवून तिनं ऐकलं.

‘‘बसा,’’ ती म्हणाली. आतून चहा आला.

गनी विरघळला. विरघळला की तो वाहवत जायचा. ‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही जन्मभर लोकांचा कापूस वेचला, अन तुमच्या घरी कापसाची गादी नसल. मी देतो करून. माझ्या हातची. तुम्हीच वेचलेल्या कापसाची.’’ बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सुंदर आपण याआधी कधी बोललो नव्हतो, असं त्याला वाटलं.

‘‘नोको बाप्पा!’’ विमलताई खुर्चीत मागं सरली. ‘‘दिवसभर कापूस, अन रातच्यालेबी कापूसच? मले तुमच्या दुकानातली पायजे, फोमची. जाड. कापूस दबते, गठुल्या पडते. तुमीच तं सांगतलं होतं माह्या सुनेले.’’

गनीनं चहाचा घोट गिळला.

‘‘फुकट नाई मांगत,’’ ती पुढं म्हणाली. ‘‘पैशानं घेतो. पन घरी आनून द्यायची. ऑटोच्या टपावर बांधून, दिवसाउजेडी, वरचं प्लास्टिक न काढता. सगयाईनं पायलं पायजे. अन आमी तुमच्या वावरात हाओ तोवर तुमी धुऱ्यावर बसायचं.’’

‘‘बसतो ना. मालक धुऱ्यावरच बसते.’’

‘‘सडकीकडं तोंड करून.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हनजे पाठ आमच्याकडं. मांगं वयून पायलं की आमी ऑटोत.’’

गादी दुसऱ्याच दिवशी गेली, उकंडाच्या टपावर, प्लास्टिकसकट. अख्खी वस्ती बाहेर येऊन पाहत होती. गनी ऑटोत उकंडाशेजारी बसला होता. नवरदेवाला करवली असते तसा तो त्या गादीची करवली झाला होता. एका म्हातारीनं विचारलंही, ‘‘केवढ्याची पडली?’’ विमलताई नुसती हसली. त्या हसण्यात मालकीण होती, आणि गनीला ते चटकन ओळखू आलं.

आणि मग वेचणी झाली. त्या दिवसाचं गनी पुढं कितीतरी महिने वर्णन करायचा. धुऱ्यावर पाट टाकलेला, त्यावर मालक, तोंड सडकेकडं, पाठ स्वतःच्या वावराकडं. जाणारा येणारा थांबायचा. ‘‘काय गनीभाई, गाडीची वाट पाहून राह्यले का?’’

‘‘नाई, मालकी करून राह्यलो,’’ गनी म्हणायचा.

मागून आवाज यायचे. पऱ्हाटीची खसखस, मोबाईलवरची गाणी, बायांच्या थट्टा. त्याच्या मानेला रग लागली, पण वळायची सोय नव्हती; विमलताईनं एका बाईला त्याच्यावर नजर ठेवायलाच बसवलं होतं. बापावर नजर ठेवणारी पाटावरची म्हातारी आता पलीकडच्या बाजूला होती. बरोबर झालं, गनीनं मनात म्हटलं.

अकराला अमिनाबी चहाची किटली घेऊन उकंडाच्या ऑटोतून आली. वर्षभरात वावरात तिचं हे पहिलं पाऊल. गनीला वाटलं, चहा देऊन परत जाईल. तासाभरानं त्याला मागून एक हसणं ऐकू आलं आणि तो दचकला. अमिनाचं हसणं. हे असं पोट धरून हसणं त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं! ती बायांबरोबर वेचत होती.

‘‘अवं भाभी,’’ विमलताईचा आवाज, ‘‘तुमी कापूस येचून राह्यल्या का पाला? अर्धी ओटी पाल्याचीच हाये!’’

‘‘अमिना,’’ गनी सडकेकडं पाहतच ओरडला, ‘‘पाला नको येऊ देऊस!’’

‘‘तोंड तिकडं!’’ सगळ्या एकदम ओरडल्या, आणि अमिनाबी सगळ्यांत मोठ्यानं.

आभाळ दाटून आलं तेव्हा शेवटचं गाठोडं ऑटोत चढलं होतं. दुसऱ्या दिवशी जो पाऊस पडला तो पाहून गनीनं विमलताईला फोन केला. नुसतं ‘पाऊस पडून राह्यला’ एवढं सांगितलं. ‘‘दिसते,’’ ती म्हणाली. ‘‘गादीवर बसून पाहून राह्यली.’’

बाकी कापूस बाजारात गेला. गादीपुरता त्यानं ठेवला, ओळखीच्या जिनिंगवाल्याच्या मिनतवाऱ्या करून सरकी काढून आणली, आणि भिंतीवरची धनुकली उतरवली. तिची दोरी, म्हणजे तात, बदलली. दुकानातच मागच्या बाजूला बसला आणि पहिला ठोका टाकला. तांय! खांदा बोंबलला. पण थोड्या वेळानं हाताला आपोआप आठवत गेलं, आणि कापूस फुलून उडायला लागला. बसस्टँडवरची माणसं पाहायला आली. ‘‘हे काय असते चाचा?’’ पोरी फोटो काढायच्या, व्हिडिओ काढायच्या, आणि जाताना फोमचा भाव विचारायच्या. त्या आठवड्यात दुकानात जेवढा फोम विकला गेला तेवढा सबंध लग्नसराईत गेला नव्हता. गनी हसत, खोकत पिंजत राहिला.

गादी झाली. लाल ठिपक्यांचं कापड, कडेला दुहेरी टाका, वर बारीक टिपांची नक्षी. बापानं पाहिली असती तर काही बोलला नसता, नुसती हातानं दाबली असती. मुस्कान निकाहाआधी सुट्टी घेऊन आली, तेव्हा गनीनं तिला डोळे मिटायला लावून गादीसमोर उभं केलं.

ती गादीवर लोळली. कापडाला गाल लावला. ‘‘अब्बा, कसली मऊ झाली!’’

‘‘मग? नागपुरात दाखव कोणाजवळ आहे अशी.’’

मुस्कान उठून बसली. बापाकडं न पाहता कडेच्या टाक्यावरून बोट फिरवत राहिली. ‘‘अब्बा, मी आधीही सांगत होती, तुम्ही ऐकलं नाई. तिकडं चौथा माळा आहे. गच्ची नाई, बाल्कनीत ऊन येत नाई. कापसाच्या गादीले ऊन लागते. नाई तं ती दबते, गठुल्या पडते.’’

‘‘कोणी सांगितलं तुले असं?’’

‘‘तुम्ही,’’ मुस्कान म्हणाली. ‘‘दुकानात बसून अभ्यास करत होती ना मी. पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं.’’

गनी हसला. हसणं भागच होतं, कारण वाक्य चांगलं होतं. मग पाणी प्यायच्या निमित्तानं तो स्वयंपाकघरात गेला आणि माठाजवळ नुसताच उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. अख्ख्या तालुक्याला आपण पटवलं, त्यात आपली पोरगीही पटली. आपण तेवढे राहिलो.

मुस्कानबरोबर दुकानातली सगळ्यात भारी फोमची गादी गेली, प्लास्टिकसकट. विमलताई निकाहाला आली होती. गाडीत गादी चढताना तिनं बोटानं दाबून पाहिली आणि ‘‘माह्यापेक्षा पातय हाये,’’ असा निकाल दिला.

पाहुणे पांगले. घर रिकामं झालं. कापसाची गादी भिंतीला टेकून उभी होती, आणि येता जाता गनीला ती दिसत होती. शेवटी एका दुपारी त्यानं ती गुंडाळून खांद्यावर घेतली.

‘‘कुठं निघाले?’’ अमिनाबीनं विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

‘‘दुकानात टांगतो. धनुकलीच्या बाजूले. लोकं फोटो काढते, फोम विकते. तेवढाच उपयोग.’’

अमिनाबीनं ताट खाली ठेवलं. ‘‘माझ्या लग्नातली एक बाकी होती ना?’’

तोच टोमणा. गनी सवयीनं हसायला गेला, आणि तिचा चेहरा पाहून थांबला. ती हसत नव्हती. हा टोमणा मारताना ती नेहमीच अशी हसत नसायची की काय, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्या टोमण्याच्या वेळी त्याचं तोंड दर वेळी दुसरीकडंच असायचं. पोरीला नको असलेली गादी द्यायला तो मरमर मेला, विमलताईला नको असलेली गादी देऊ करताना रडला, आणि जिनं मागितली होती ती इथं फाटक्या फोमवर झोपत होती. धुऱ्यावर पाठ करून बसायची शिक्षा विमलताईनं एक दिवसाची दिली. आपण तर घरात जन्मभर तसेच बसलो होतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला आपलं काहीच हसण्यासारखं वाटेना.

त्यानं फोमचा तुकडा ओढून बाहेर टाकला. गादी अंथरली, हातानं सारखी केली. अमिनाबी हात पुसून आली. आधी कडेला बसली, मग अंग टाकलं. दिवसाढवळ्या आडवी झालेली अमिना त्यानं आजारपणातच काय ती पाहिली होती. ती पत्र्याकडं पाहत पडून राहिली. गनी पायथ्याशी बसला.

‘‘कशी आहे?’’ त्यानं विचारलं. गिऱ्हाइकाला तो हे कधी विचारत नसे, सांगायचाच.

‘‘टोचते.’’

‘‘कुठं?’’ तो घाबरा झाला. ‘‘पाला असल. बाजूले हो, मी उसवतो, आत्ता काढून टाकतो. एवढा निवडून निवडून पिंजला मी...’’

‘‘राहू द्या,’’ अमिनाबी म्हणाली आणि कुशीवर वळली. ‘‘मीच वेचला असल तो. आपल्याच वावरातला आहे.’’